९ आठवड्यांचं पिल्लू: लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं की नाही?

कोथरूड_तिसरामजला

लॅब्राडॉर, नर, आज ६१ दिवसांचा. नाव बंड्या. ४५व्या दिवशी घरी आणला. पहिली लस ५ दिवसांपूर्वी झाली, जंताचं औषध दोनदा देऊन झालंय. पुढचा डोस ३ आठवड्यांनी, रेबीजची लस ३ महिन्यांचा झाल्यावर. वजन साडेपाच किलो. बिल्डिंगला लिफ्ट नाही.

डॉक्टर म्हणतात, सगळे डोस होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही. शेजारचे काका म्हणतात, चार महिने घरात कोंडलंत तर जन्मभर बुजरा राहील. दोघांनीही कुत्र्यांमध्ये आयुष्य घालवलंय, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळत नाही. त्यात गणपती ५ आठवड्यांवर आलेत आणि नदीपात्रातल्या ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी घरापर्यंत ऐकू येतो. पहिला ठोका पडला की हा सोफ्याखाली.

आणखी दोन गोष्टी. संध्याकाळी सात-साडेसातला अंगात आल्यासारखा चावत सुटतो, विशेषतः आईच्या साडीला. आणि शी-शूसाठी गॅलरीत पेपर टाकलाय, पण तो पेपर सोडून सगळीकडे करतो. आम्ही दोघंही नोकरीवाले, आई दिवसभर घरी असते. नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं करायचं, ते सांगा.

---

चार_पाय_एक_शेपूट

डॉक्टर आणि काका दोघंही बरोबर आहेत. डॉक्टरांना भीती आहे ती जमिनीची, काकांना भीती आहे ती घराच्या चार भिंतींची. बाहेर नेणं आणि खाली सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं धरून चाला. बाहेर आजपासून न्या. खाली सोडू नका.

आधी जमिनीचं. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन्महिने टिकतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं पिल्लाला वाचवतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतात हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून डोस दर ३-४ आठवड्यांनी परत परत द्यायचे आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. तुमच्या डॉक्टरांनी शेवटचा डोस १२व्या आठवड्यात लिहिला असेल तर एकदा विचारून घ्या. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भर: उंदराचं मूत डबक्यात, डबकं पिल्लाच्या तोंडात. तोही घटक लसीत आहे ना, ते कार्डावर बघा.

आता काकांचं. नवीन माणूस, आवाज, वस्तू हे सगळं 'असतंच असं' म्हणून स्वीकारायचं पिल्लाचं वय साधारण ३ ते १४ आठवड्यांचं. त्यानंतर अनोळखी गोष्ट दिसली की आधी संशय येतो. बंड्याचा लसींचा कोर्स १६व्या आठवड्यात संपणार, म्हणजे डोस पूर्ण होईपर्यंत हे दार बरंचसं मिटलेलं असेल. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ सालीच सांगितलंय की पहिल्या लसीनंतर किमान ७ दिवस गेले आणि जंताचं औषध झालं की स्वच्छ जागेतल्या पपी क्लासला ७-८ आठवड्यांपासून न्यायला हरकत नाही. तुमचे ७ दिवस परवा पूर्ण होतात.

४५ दिवसांबद्दल एक बोलतोच, कारण पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी '४५ दिवसांचा, लगेच घेऊन जा' हे सर्रास चालतं. त्या दीडेक आठवड्यात भावंडांशी दंगा करताना जबडा किती जोरात आवळायचा हे पिल्लू शिकतं. ते शिक्षण बुडालं म्हणून तुमचा जास्त चावतोय, यात त्याचा दोष नाही.

तर कसं न्यायचं? साडेपाच किलो म्हणजे कडेवर आरामात. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पट्टा मनगटात अडकवलेला. किंवा कडक तळाची भाजीची पिशवी, आत जुना टॉवेल. हा सोहळा फार दिवस चालणार नाही, लॅब १३ आठवड्यांचा झाला की दहा किलोच्या आसपास जातो, मग बाकावर बसून मांडीवर घ्यायचं. स्कूटरच्या फूटबोर्डवर पिल्लू उभं करून न्यायची जी पुणेरी पद्धत आहे, ती मात्र नको. एक खड्डा पुरतो.

जागा: आपल्या गल्लीचं तोंड, मग कर्वे रस्त्यापासून २५-३० मीटर आत असलेला एखादा कट्टा. दहा मिनिटं पुरे. खिशात उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घातलेलं, तुकडा हरभऱ्याच्या निम्मा. बस आली, त्यानं पाहिलं, लगेच तुकडा. बस गेली, तुकडे बंद. बस थांबताना ब्रेकची हवा जी 'फुस्स' करते, तिला बरीच कुत्री दचकतात. पिल्लू खातंय का, एवढंच बघायचं. बघून परत तुमच्या हाताकडे वळलं तर अंतर बरोबर. तुकडा नाकाशी नेऊनही घेत नाही, ओठ चाटतंय, झोप नसताना जांभया देतंय, कान मागे, डोळ्यांची पांढरी कडा दिसतेय, तर दहा पावलं मागे या. 'सवय होईल' म्हणून तिथेच धरून ठेवलंत तर सवय होते ती भीतीची. ८ ते १० आठवड्यांत एकदा खाल्लेली धडकी फार काळ डोक्यात राहते.

सोशलायझेशन म्हणजे दिसेल त्या माणसाच्या आणि कुत्र्याच्या अंगावर सोडणं, हा गैरसमज तेवढा काढून टाका. लॅबच्या बाबतीत तर तो महागात पडतो. दोन महिन्यांचा असताना प्रत्येकानं कुरवाळलं की सात महिन्यांचा, पंचवीस किलोंचा झाल्यावर तो रस्त्यावरच्या प्रत्येकाकडे ओढत नेतो. दहा जण दिसू देत, त्यातल्या दोघा-तिघांनी हात लावू दे. हात लावणाऱ्यानं वाकून डोक्यावर थापट्या मारायच्या नाहीत, बाजूला उकिडवं बसून छाती खाजवायची. तीन सेकंद, मग हात बाजूला. पिल्लू स्वतःहून पुढे सरकलं तर पुन्हा.

माणसांचे प्रकार मोजा, संख्या नको. रेनकोटवाला, हेल्मेट घातलेला, काठी टेकत चालणारे आजोबा, दाढीवाला, शाळेची व्हॅन सुटल्यावर धावणारी पोरं, कचऱ्याची ढकलगाडी आणणाऱ्या ताई, रात्री शिट्टी मारणारा वॉचमन. छत्री फट्कन उघडण्याचा सराव घरात करा: आधी उघडीच जमिनीवर ठेवा, भोवती खाऊ टाका, दोन दिवसांनी अर्धी उघडा, मग लांबून पूर्ण. पाय ठेवायला शहाबादी फरशी, गोणपाट, जेवणाचं स्टीलचं ताट, खाकी पुठ्ठा. हे सगळं घरात होतं.

दवाखान्यात फक्त वजन करायला म्हणून आठवड्यातून एकदा जा. चिकन खाऊन परत. तिथल्या फरशीवर आणि बाकावर मात्र ठेवायचं नाही, आजारी कुत्री तिथेच येतात. वजनकाट्यावर आपला टॉवेल अंथरा.

चपला दाराबाहेर काढायची आपली पद्धत इथे चांगली उपयोगी पडते, कारण पार्व्हो तळव्याला लागून घरात येतो. नेहमीच्या फिनाईलचा त्याच्यावर भरवसा धरू नका. फरशी आधी धुऊन घ्यायची, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात, १० मिनिटं ओलं ठेवून पुसायचं, वाळल्यावर पिल्लू आत.

गच्चीवर भटकी कुत्री-मांजरं येत नसतील तर तीच तुमची बाग. तळजाई, वेताळ टेकडी वगैरे शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी. तेव्हाही गोचिडांवरचं औषध चालू असल्याशिवाय गवतात नको, गोचीडतापानं आपल्याकडे पुष्कळ कुत्री आजारी पडतात. आणि जिना उचलूनच उतरवा-चढवा, या वयात लॅबच्या खुब्यांना तो सोसत नाही.

---

वाडा_आणि_अंगण

एवढं कशाला पाहिजे? पूर्वी कुत्री अंगणात वाढायची, भाकरी-दूध खायची, कुणी छत्र्या उघडून दाखवत नव्हतं. गॅलरीत बांधा, चावलं की नाकावर पेपरची गुंडाळी मारा, दोन दिवसांत सरळ होतं.

---

पावसाळी_चप्पल

काका, अंगणात वाढणाऱ्या कुत्र्याला हे सगळं फुकटात मिळायचं हो. दारावरून बैलगाडी जायची, पाहुणे यायचे, आई आणि भावंडं सोबत असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काही नाही, म्हणून छत्री उघडून दाखवावी लागते. आणि त्या अंगणातली किती पिल्लं वर्षाची व्हायच्या आत जायची, ते कुणी मोजलं नाही. नाकावर मारलं की पिल्लू हाताला घाबरतं. मग चार महिन्यांनी कानात औषध घालायला तोच हात पुढे केला की गुरगुरतं.

चावण्याचं सांगते. दोन-सव्वादोन महिन्यांचं पिल्लू दिवसात १८ तासांच्या आसपास झोपतं. भरल्या घरात त्याला तेवढं झोपू देत नाहीत. साडेसातचा तुमचा तमाशा म्हणजे बहुतेक झोप अपुरी पडल्याची चिडचिड आहे, लहान मुलं लग्नघरात रात्री करतात तशी. साधारण एक तास जागं, मग दीड-दोन तास झोप, असं घड्याळ लावा. साडेसहाला आडोशाला, अंधारात, पिंजऱ्यात किंवा दारात लावायच्या छोट्या फाटकामागे झोपवून बघा. पिंजरा उभं राहून वळता येईल एवढाच असावा, मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं.

आईंचा पदर: हलणारं, लोंबणारं कापड म्हणजे पिल्लाच्या दृष्टीनं शिकार. पदर हिसकावला की ती शिकार जिवंत झाली. पदर कमरेला खोचायचा. तरीही निऱ्या पकडल्याच तर जागेवर खांबासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही, आणि कमरेला लावलेल्या पिशवीतून त्याच्या खाण्याचे चार दाणे नाकासमोरून लांब जमिनीवर टाकायचे. तो सोडून तिकडे गेला की दोरीचं खेळणं द्यायचं. आईंच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन खेळणी आधीच ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. हाताला जोरात चावला तर 'आई गं' ओरडून काही पिल्लं थांबतात, काही आणखी चेकाळतात. चेकाळणाऱ्यातला असेल तर न बोलता उठून २०-३० सेकंद फाटकापलीकडे जायचं. दर वेळी, घरातल्या प्रत्येकानं. एकानं हसून हात चावू दिला की बाकीच्यांची आठवड्याची मेहनत पाण्यात.

साडेतीन महिन्यांनंतर दात पडायला लागतील. ओलं फडकं पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवून देता येतं. ते हातात धरूनच चावू द्या, गिळायला लागला की काढून घ्या. दात लागून रक्त आलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लू घरातलं आहे, लहान आहे म्हणून रेबीजचा विषय सोडून देऊ नका, त्याची लस अजून व्हायची आहे.

शी-शू: पेपर काढून टाका. पेपरवर करायला शिकलेल्या कुत्र्याला जमिनीवर पडलेला कुठलाही पेपर सारखाच, घरातला न वाचलेलासुद्धा. गॅलरीत दीड फूट बाय दोन फुटांचा ट्रे, त्यात कुंडीची माती किंवा लॉनचा तुकडा. माती नर्सरीतली घ्या, रस्त्याकडेची नको. पाऊस आत येत असेल तर ट्रेवर आडोसा करा, कारण ओल्या गवतावर बरीच पिल्लं पाय ठेवत नाहीत. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर ५ ते १५ मिनिटांत, खेळ थांबल्यावर आणि एरवी जागेपणी दर पाऊण तासाला उचलून ट्रेवर. पट्टा लावून, शांत उभं राहायचं, गप्पा नाहीत. झालं की तिथेच, तीन सेकंदांच्या आत खाऊ. घरात येऊन डब्यातून काढून दिलात तर त्याला वाटतं, घरात आल्याचा खाऊ मिळाला. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उचलून घ्या, मांडीवर ठेवा, दहा मिनिटांनी परत. रात्री साधारण ३ तासांनी एकदा, दिवा न लावता.

चुकीच्या जागी केलं तर नाक घासू नका. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, मग सोफ्यामागे करतं आणि ट्रेवर तुमच्यासमोर अडून बसतं. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर आणा. नुसतं सुगंधी फिनाईल आपल्या नाकाला फसवतं, त्याच्या नाही.

---

ताशा_नको_रे_बाबा

ढोलाचा प्रश्न सगळ्यात तातडीचा. पाच आठवडे आहेत, पुरतील.

मोबाइलच्या स्पीकरवर ढोल वाजवून काही होत नाही, त्यातून नुसता ताशा ऐकू येतो, ढोलाचा घुमारा येत नाही. बऱ्यापैकी बास असलेला ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि खिडकीजवळ ठेवा, म्हणजे आवाज जिकडून खरा येणार तिकडूनच येईल. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक की पिल्लाचा फक्त कान हलला पाहिजे. क्रम महत्त्वाचा: आधी ढोल, दोन सेकंदांनी जेवण. ढोल बंद, जेवण उचललं. उलटं केलंत, म्हणजे ताट आधी आणि ढोल नंतर, तर ताटालाच घाबरायला लागेल. ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन दिवस मजेत खाल्लं तर आवाज एक घर वर. खाताना थांबून स्पीकरकडे टक लावून राहिला तर दोन घरं खाली. सलग वाजणारं रेकॉर्डिंग नको, मध्येच थांबून एकदम सुरू होणारं घ्या. कुत्री दचकतात ती त्या पहिल्या ठोक्याला.

संध्याकाळच्या खऱ्या सरावाच्या वेळी खिडक्या लावा, पंखा चालू, आतल्या खोलीत खेळ किंवा चघळायला काही. सोफ्याखाली गेला तर ओढून काढू नका. जवळ आला तर खुशाल मांडीवर घ्या. 'लाड केले तर भीती वाढते' हे चुकीचं आहे, भीती ही काही तो मुद्दाम करत नाही.

गणपतीत त्याला मंडळासमोर किंवा विसर्जनाला कुणी कडेवर घेऊन जाणार नाही, हे घरात आत्ताच ठरवून टाका. हौशी भाचेमंडळींसकट. घरात तयारी करणं वेगळं आणि दहा ढोलांसमोर नेऊन उभं करणं वेगळं, त्यानं पाच आठवड्यांचं काम पाच मिनिटांत जातं. दिवाळीच्या फटाक्यांची तयारी याच पद्धतीनं गणपती झाल्यावर लगेच.

---

चार_पाय_एक_शेपूट

वरच्या दोघांना अनुमोदन. ट्रेनिंगचं राहिलं होतं.

आधी घरात बसून शब्द ठरवा आणि फ्रिजवर लावा. मराठी घरात 'बस' ही मोठी भानगड आहे. 'बस खाली', 'आता बस झालं', 'बस चुकली', सगळं त्याच्यासमोर. 'ये' तर आपण दिवसभर म्हणतो. त्यापेक्षा 'सिट' आणि 'इकडे' घ्या, किंवा आणखी काही, पण सगळ्यांचं एकच. शब्द एकदाच उच्चारायचा. 'सिट-सिट-सिट' म्हणणाऱ्याचं कुत्रं तिसऱ्या 'सिट'ला बसतं, कारण त्याला तोच शब्द शिकवलाय.

बसायला शिकवताना दाणा नाकाला चिकटवून हळू वर आणि थोडा मागे, कपाळावरून. नाक वर जातं, ढुंगण टेकतं. टेकल्या क्षणी 'हो!' आणि दाणा. उडी मारतोय म्हणजे हात फार उंच गेला, मागे सरकतोय म्हणजे कोपऱ्यात उभं करून करा. शब्द सुरुवातीला नकोच, हाताची खूण दहातून आठदा जमली की मग. ढुंगण दाबून बसवू नका. एका वेळी दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. दाणे रोजच्या खाण्यातलेच, सकाळी मापून एक मूठ बाजूला काढायची. चिकन-पनीर फक्त रस्त्यावरच्या कामाला, तेही दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यात. बिस्किटं नकोत. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका या दिवसांत हमखास पोटात जातात.

'इकडे' म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही, नख कापायचं नाही, पिंजऱ्यात टाकायचं नाही. ती कामं असली तर आपण उठून त्याच्याकडे जायचं.

रोज एक मिनिट पंजे, कान, ओठ वर करून दात. एक पंजा हातात, एक दाणा. नेलकटर आठवडाभर नुसता पंजाला टेकवायचा. पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत. चालायला छातीचा हार्नेस आणि पाच-सहा फुटांचा पट्टा, चोक चेन नको. पट्टा ताणला की थांबायचं, सैल झाला की चालायचं. घरच्या हॉलमध्ये आत्ताच सुरू करा.

एकटं राहण्याचा सराव आई घरी आहे म्हणून टाळू नका. असंच राहिलं तर आई लग्नाला गावी गेल्या त्या दिवशी कळतं. फाटकामागे चघळायला द्या, ५ सेकंद दिसेनासं व्हा, परत या. मग १५, ४०, दोन मिनिटं, मध्येच पुन्हा १० सेकंद. किल्ल्या वाजवून कुठेच न जाता बसणं हाही सरावच.

घरी येऊन एक महिन्यात 'सगळं शिकवून' देणारे ट्रेनर असतात. कुत्रं त्यांचं ऐकतं, तुमचं नाही. क्लास बघायचा तर असा, जिथे आधी लसीचं कार्ड मागतात, फरशी धुतात, एका वेळी सहा-आठच्या वर पिल्लं घेत नाहीत आणि पट्टा तुमच्या हातात देतात.

रेबीजची लस झाली की महापालिकेचा परवाना काढून टाका.

---

कोथरूड_तिसरामजला

सगळ्यांचे आभार. पेपर आजच उचलला. एक शंका: दवाखान्यात जाताना रिक्षात लाळ गाळतो आणि चिकनकडे बघतही नाही. अशा वेळी नेत राहायचं की थांबायचं?

---

पावसाळी_चप्पल

खात नाही म्हणजे दोनपैकी एक: मळमळ किंवा भीती. रिक्षा थांबल्यावर मिनिटभरात लाळ थांबून चिकन घेतलं तर बहुतेक मळमळ. जायच्या आधी दोन-तीन तास खायला देऊ नका, मांडीवर रस्त्याकडे तोंड करून नव्हे तर कुशीत, पिशवीत बसवा, म्हणजे हेलकावे कमी बसतात. थांबल्यावरही दहा मिनिटं थरथरत असेल तर भीती. मग ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारा, दुपारी स्टँडवर उभ्या रिक्षात, इंजिन बंद, पाच मिनिटं बसून चिकन खाऊन उतरा. दोन-तीनदा ते जमलं की इंजिन चालू करून, नुसतंच उभं. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी, मीटर टाकूनच. दोन्ही करूनही लाळ तशीच राहिली तर पुढच्या डोसच्या वेळी डॉक्टरांना मळमळीच्या औषधाचं विचारा. माणसांची गोळी अंदाजानं अर्धी मोडून देऊ नका.